बोळातली खिडकी

एसीचा बाहेरचा डबा बसवायला फिटरनं भिंतीवर पेन्सिलीनं दोन खुणा केल्या, ड्रिल मशीन हातात घेतलं आणि समोरच्या खिडकीतून काकींचा आवाज आला, "ते हितं बसवणार व्हय गं?" कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतलं आमचं घर आणि काकींचं घर यांच्यामध्ये एक बोळ आहे. दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं अंग चोरायचं, एवढाच. उन्हाळ्यात तिथं मांजरं झोपतात, पावसाळ्यात पन्हाळीचं पाणी धावतं, आणि काकींच्या स्वयंपाकघराची एकुलती एक खिडकी तिकडंच उघडते. त्या खिडकीशी बसून मेथी निवडत होत्या. फिटर पोरगा हसतमुख. म्हणाला, "काकी, काळजीच करू नका, ह्याचा आवाज अजिबात येत नाही." काकी म्हणाल्या, "आवाजाचं नव्हं रे बाळा. आत गार करतंय म्हणजे बाहेर गरम वारा सोडणार की न्हाई? तो जाणार कुठं?" कुणी काही बोलेना, तसं त्यांनी मेथीची जुडी उचलली. "बसवा की. मी काय नको म्हणत नाही. विचारलो फक्त." आणि खिडकीचं एक दार ओढून घेतलं.

मी फिटरला थांबवलं. तो म्हणाला, "वहिनी, सोबत तीन मीटरच पाईप येतोय. दुसरीकडं नेलासा तर जादाचे पैसे पडतील, आधीच सांगतो." मग त्याला पुढच्या गिऱ्हाइकाचा फोन आला आणि तो निघून गेला. दोन खोकी सोप्यात तशीच पडून राहिली. जेवणं झाली, भांडी झाली, अंथरुणं पडली, तरी काकींचा प्रश्न काही डोक्यातून जाईना.

आता गंमत बघा. त्याआधी आमच्या घरात एसीवर इतका खल झाला होता की लेकीचं कॉलेज ठरवतानाही झाला नसेल. टन किती, स्टार किती, कॉइल तांब्याची की ॲल्युमिनियमची, स्टॅबिलायझर लागतो का, हप्ते किती. नवऱ्यानं मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून डोळे लाल करून घेतले. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या मामींनी, "पाणी कुठं गळणार त्याचं" एवढंही विचारून ठेवलं होतं. गरम वारा कुठं जाणार, हे मात्र कुणाच्या तोंडून आलं नाही. तो बाहेर जाणार एवढं पुरेसं होतं. आणि बाहेर म्हणजे आपलं घर नव्हे, मग चर्चा कसली?

नागपूरला दिलेल्या आमच्या वन्सं तर फोनवर हसल्याच. "तुमचा पारा चाळीसला टेकतो न टेकतो, आणि एसी?" तिकडं पंचेचाळीसच्या पुढं जातो, त्यामुळं कोल्हापूरच्या उन्हाळ्याला त्या उन्हाळा म्हणायलाच तयार नसतात. त्यांचा भलामोठा कूलर खिडकीत घरघरतो आणि मे महिन्यात घर शिमल्यासारखं करून सोडतो, हे मी स्वतः अनुभवलंय. पण तिकडची हवा कोरडी ठणठणीत, पाणी लगेच उडतं आणि उडताना हवा गार करतं. आमच्याकडं एप्रिल सरत आला की घाटाकडून दमटपणा यायला लागतो, दुपारी ढग जमतात, वळीव आज येतोय की उद्या असं होतं. त्या दिवसांत कूलर लावला की पाणी उडायचं नाव घेत नाही. चादरी ओलसर होतात, उशीला वास येतो आणि घाम जागच्या जागी. आमचा कूलर वापरून झालेला आहे, तो आता माळ्यावर आहे.

तरी वन्संचं एक खरं. कोल्हापूरची रात्र वाईट नसते. संध्याकाळी सहानंतर रंकाळ्याकडून वारा सुटतो, भेळ खायला गेलेल्या माणसाला परत यावंसं वाटत नाही, आणि मध्यरात्रीनंतर अंगावर पांघरूण ओढावं लागतं. बाहेर. आत मात्र वेगळाच कारभार. मामा-मामींची खोली वरच्या मजल्यावर आहे, वर थेट स्लॅब. दहा बाय बारा. गेल्या उन्हाळ्यात मामांना तिथं झोप लागेना. पंच्याहत्तरी ओलांडलेला माणूस, रक्तदाबाच्या गोळ्या चालू. रात्री एक वाजता जिन्यात येऊन बसायचे. एकदा त्यांची चादर बदलायला गेले, तेव्हा कॉटवर उभी राहून मी छताला तळवा टेकवला. रात्रीचे अकरा वाजून गेले होते, बाहेर झक्क वारा होता, आणि छत भाकरी उतरवून घेतलेल्या तव्यासारखं उबदार होतं. पंखा फिरत होता तो नेमका तीच ऊब खाली ढकलत होता. दिवसभर उन्हानं स्लॅबमध्ये जे भरलं, ते रात्री नऊ ते एक त्या दोघांच्या अंगावर उतरत होतं.

या जागी पूर्वीचं घर होतं ते मी लग्न होऊन आले तेव्हा उभं होतं. पांढऱ्या मातीच्या हातभर रुंद भिंती, मंगलोरी कौलं, मध्ये माळा. भर दुपारी सोप्यात पाऊल टाकलं की डोळ्यांपुढं अंधार यायचा आणि पायांना गारवा. ऊन भिंतीतून आत पोचेपर्यंत संध्याकाळ व्हायची आणि तेवढ्यात वारा सुटायचा. बांधणाऱ्यांनी गणित मांडलं नसेल, पण ते बसत होतं. तालमीच्या हौद्यात अजून तसा गार काळोख मिळतो, ताकानं आणि तेलानं मुरलेल्या लाल मातीचा. पण त्या घराच्या आठवणीनं गळा काढायची माझी तयारी नाही. कौलं दर पावसाळ्यात चाळावी लागायची, भिंतीत घुशी होत्या, मामींनी चुलीच्या धुरात डोळे घालवले, आणि न्हाणीघरात विंचू निघाला होता तो मला अजून दिसतो. नव्या घराची स्लॅब ओतली त्या दिवशी मामींनी गल्लीभर पेढे वाटले. मला कुणी उद्या ते घर परत देतो म्हणालं तर मी हात जोडीन.

चुटपुट लागते ती दुसऱ्याच गोष्टीची. किरणोत्सवाला अख्खं गाव अंबाबाईच्या देवळात जमतं. नोव्हेंबरात ९, १० आणि ११, मग ३१ जानेवारी आणि १, २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरतात, गाभाऱ्यापर्यंत पोचतात आणि दिवसागणिक चरणांपासून मुखाकडं चढत जातात. वाटेत एखाद्या इमारतीचा कठडा आडवा आला तर त्याची पेपरात बातमी होते, चहाच्या टपरीवर तावातावानं वाद होतात. सूर्य कुठल्या तारखेला कुठल्या दारातून किती आत येतो, याचं इतकं बारीक भान असलेलं हे गाव. आणि पेठेतल्या निम्म्या नव्या घरांच्या पश्चिमेच्या भिंतीला सरकत्या काचेच्या रुंद खिडक्या आहेत, वर नावाला वीतभर छज्जा. मामांच्या खोलीलाही तशीच आहे. एप्रिलमध्ये चार वाजता ऊन कॉटच्या पायापर्यंत येतं. आतून जाड पडदा लावला होता, पण काचेतून आत आलेलं ऊन पडद्यावर अडलं काय आणि फरशीवर पडलं काय, तापायची ती खोलीच तापते. अडवायचं तर काचेच्या बाहेर.

राजारामपुरीतल्या ज्या दुकानात आम्ही गेलो तिथं अर्थातच यातलं काही निघालं नाही. तिथं बाहेर रणरणतं ऊन आणि आत पाहुण्यांसाठी अठरा अंश. विक्रेत्यानं खोलीचं माप ऐकलं आणि म्हणाला, "वरचा मजला, पश्चिमेची भिंत, दीड टनच लागणार. एक टन घेतलासा तर उद्या येऊन म्हणू नका गार होत नाही." त्याचं चुकीचं नव्हतं. उघड्या स्लॅबखालच्या खोलीला एक टन कमीच पडतो. पण गरजेपेक्षा मोठं यंत्र बसवलं की ते खोली झटकन गार करून स्वस्थ बसतं, हवेतला दमटपणा ओढायला त्याला पुरेसा वेळच मिळत नाही, आणि मग गार पण चिकट अशी खोली पदरी पडते. इन्व्हर्टरच्या यंत्रात हे जरा सांभाळलं जातं, कारण त्याचा कॉम्प्रेसर एकतर पूर्ण चालू नाहीतर बंद असा न चालता वेग कमीजास्त करतो. तरी झोपायला दोन माणसं आणि दहा बाय बाराची खोली, म्हणून आम्ही एक टनावर अडून बसलो. विक्रेत्यानं खांदे उडवले.

मग स्टार. लेबल तुम्ही पाहिलं असेलच, पण चिकटवलेल्या ताऱ्यांपेक्षा खालची बारीक अक्षरं वाचण्यासारखी असतात. आधी साल बघायचं, कारण निकष दर काही वर्षांनी कडक होतात. २०१८ च्या पट्टीवरचा काठावर पास झालेला पाच स्टार जुलै २०२२ पासून चार स्टार झाला. गोदामात उरलेला जुना माल 'फाइव्ह स्टार, ऑफरमध्ये' म्हणून पुढं येतो तो असा. मग एक आकडा असतो, वर्षभरात यंत्रानं किती उष्णता उपसली आणि त्यासाठी किती वीज खाल्ली याचं ते गुणोत्तर. आम्ही पाहिलेल्या यंत्रांत तीन स्टारला तो चारच्या आगेमागे होता, पाच स्टारला पाचच्या वर. आणि वर्षाला किती युनिटं लागतील तो आकडा असतो, तो काढलेला असतो १६०० तासांवर. म्हणजे रोज आठ तास धरले तर दोनशे दिवस. कोल्हापुरात दोनशे रात्री एसी कोण लावतं? मार्चचा शेवट, एप्रिल, मे, आणि पाऊस रुसला तर जूनचे थोडे दिवस. तेही रात्रीचे काही तास. आमचे तास त्या सोळाशेच्या चौथ्या हिश्शाला तरी पोचतील का, शंकाच. चेन्नईत किंवा मुंबईत पाच स्टारचे जादा पैसे दोन-तीन वर्षांत बिलातून वसूल होत असतील. आमच्याकडं मशीन म्हातारं व्हायची वेळ येईल.

यावर विक्रेत्याचं उत्तर तयार होतं, आणि त्यात तथ्य होतं. महावितरणचं बिल टप्प्याटप्प्यानं चढतं, शंभर युनिटांपर्यंत एक दर, तीनशेपर्यंत त्याहून बराच जास्त, मग पुढं आणखी. एसीची युनिटं घरातल्या दिव्या-पंख्याच्या युनिटांवर येऊन पडतात, म्हणजे ती कायम सगळ्यांत महाग दरानंच मोजली जातात. म्हणून वाचलेलं प्रत्येक युनिट महागातलं. हे सगळं ऐकून, कागदावर मांडून, रंकाळ्यावर एक चक्कर मारून आम्ही तीन स्टारच घेतला. नवरा म्हणाला, उरलेल्या पैशांचं बघू काहीतरी.

हे सगळं पार पडल्यावर काकींनी विचारलं.

त्या रात्री मी मामांना म्हटलं, "मामा, काकींच्या खिडकीत किती गरम हवा जाईल हो?" मामांनी उमेदीची वर्षं एका साखर कारखान्याच्या बॉयलरपाशी काढली. गळीत हंगामात घरी आले की अंगाला बगॅसचा, म्हणजे उसाच्या चिपाडाचा वास आणि भुवया करपलेल्या. उष्णतेबद्दल त्यांच्याशी वाद घालायला आमच्या घरात कुणी धजत नाही. ते म्हणाले, "उष्णता मरत नसती. हितनं उचलायची आणि तिथं टाकायची, एवढंच काम हाय त्या डब्याचं. वर त्याची सोताची मजुरी, ती बी बाहेरच." मग त्यांनी लाईटबिलाची पाठ पुढं ओढली आणि नातीला लिहायला बसवलं. एक टन म्हणजे पूर्ण जोरात चालताना साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता खोलीतून उचलायची. गुणोत्तर चार असेल तर त्यासाठी पाऊण-एक किलोवॅट वीज. ती वीजही शेवटी उष्णताच होते. म्हणजे बोळात जाणार ४.४ च्या आसपास. पाच गुणोत्तराचं यंत्र असतं तर वीज लागली असती ०.७, बोळात गेली असती ४.२. लेकीनं दोनदा तपासलं. पाच स्टार घेतला असता तर आमच्या बिलातलं एसीचं खातं शंभरात वीसनं हलकं झालं असतं. काकींच्या खिडकीत शंभरात चारनं.

मी त्या कागदाकडं बघत राहिले. स्टारच्या लेबलावर जे काही लिहिलंय ते सगळं त्या मजुरीबद्दल आहे. ओझ्याबद्दल त्यात अक्षर नाही. ओझं कमी करायचं तर ते खोलीत येण्याआधीच अडवायला हवं, आणि खोलीत ते कुठून येतं हे मी तळहातानं तपासून ठेवलेलं होतं. मामा म्हणाले, "स्लॅब झाका. मग डबा बी निवांत चालंल आणि ती बाई बी."

उरलेल्या पैशांचं असं झालं. गच्चीला पांढरा, ऊन परतवणारा रंग द्यायचं ठरलं. शेजारपाजारचे लोक गच्चीवर पत्र्याचं शेड घालतात, चारी बाजू मोकळ्या ठेवल्या तर सावलीमुळं स्लॅब कमी तापते, पावसाची गळतीही थांबते. पण तो खर्च वेगळ्याच घरातला. शिवाय गच्चीवर आमच्या मामींचं राज्य आहे. एप्रिल म्हणजे वर्षाच्या चटणीचा महिना. रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी, झटक्याला लवंगी, असे वेगवेगळे ढीग जुन्या लुगड्यांवर पसरलेले. पेंटर शिडी घेऊन वर आला आणि मामी झाडू घेऊन उभ्या. "मिरची कडकडीत वाळल्याबिगर कांडपाला जाणार नाही. तुझा रंग थांबंल, माझी चटणी थांबत नाही." शेवटी निम्मी गच्ची आज, निम्मी दोन दिवसांनी, अशी वाटणी झाली. धूळ-शेवाळ तारेच्या ब्रशनं घासून काढायला रंगापेक्षा जास्त वेळ लागला. पहिला हात सुकल्यावर दुपारी चारच्या उन्हात मामी त्यावर अनवाणी चालून आल्या. एरवी त्या वेळेला चप्पल घालूनही पाय उचलत चालावं लागतं. त्या काही बोलल्या नाहीत, पण तेवढ्या पांढऱ्या भागावर दुसऱ्या दिवशी लुगडी सरकलेली होती. लाल भुकटीचे डाग त्या शुभ्र रंगावर असे उठून दिसत होते की पेंटरनं कपाळावर हात मारला.

पश्चिमेच्या काचेबाहेर नर्सरीला लावतात ती हिरवी जाळी ताणून बांधली. दिसायला ओंगळ. सोसायटीत असतो तर चिठ्ठी आली असती.

फिटर परत आला तेव्हा त्याला सरळ गच्चीवर नेलं. जिन्याच्या खोलीच्या उत्तरेच्या भिंतीला, दुपारनंतर जिथं सावली असते, तिथं लोखंडी घोडा ठोकून डबा बसवला. मागं वीतभर जागा, पुढं मोकळं. तिथं त्याला कोंडून घालायचं नाही, सावली द्यायची पण वारा अडवायचा नाही, हे फिटरनंच सांगितलं. स्वतःचीच गरम हवा परत ओढायला लागला तर स्टार कितीही असोत, यंत्र धापा टाकतं. पाईप लांबला, त्याचे पैसे पडले. पोरगा कामाचा निघाला. पाईप जोडून झाल्यावर त्यानं व्हॅक्यूम पंप लावला आणि चांगला वेळ चालवला, आतली हवा आणि ओल ओढून काढायला. पुष्कळजण ही पायरी गाळतात, थोडा गॅस सोडून हवा बाहेर ढकलली की झालं काम. यात गॅस आहे आर-३२, जुन्या आर-२२ सारखा ओझोनच्या थराला भोक पाडत नाही, पण हवेत सुटला तर पृथ्वी तापवायला कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट. जोडांना साबणाचा फेस लावून त्यानं बुडबुडे येतात का ते पाहिलं, मीही वाकून पाहिलं. एक बारकासा बुडबुडा आला. नट आवळला, परत फेस, परत वाट. मग नाही आला.

वापराचं म्हणाल तर पहिल्या आठवड्यात रिमोटवरून रोज भांडण. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलवाला एसी सुरू करताना चोवीसवरच सुरू व्हावा असा सरकारी नियम आहे, आणि एकेका अंशाला साधारण सहा टक्के वीज वाचते असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. आमची लेक तो सतरावर नेते. "लवकर गार होतं," म्हणते. आता चोवीसचा गारवा आला की यंत्र दम घेणार, सतरा लावलं तर जोर धरून तसंच पुढं पळणार. खोली त्यासाठी दुप्पट वेगानं गार होते असं काही नाही. आजी-आजोबांच्या खोलीत अभ्यासाला म्हणून जाते आणि दुलई घेऊन बसते. मामा ती गेली की सव्वीसवर आणतात आणि पंखा दोनवर. पंखा नवा घेतला, कमी विजेचा, अठ्ठावीस वॅटचा. जुना पंचाहत्तर खायचा. अंगावरून वारा फिरला की सव्वीसही पुरतो, आणि मामींचे गुडघे आखडत नाहीत.

एसीच्या आतल्या डब्याची जाळी दर पंधरवड्याला मीच धुते. ते काम मला का आवडतं कुणास ठाऊक. पुढचं झाकण उचलायचं, दोन पातळ जाळ्या अलगद काढायच्या, उलट बाजूनं नळाखाली धरायच्या. राखाडी लव बोटाबरोबर सालीसारखी सुटून येते. चटणीच्या दिवसांत तिला लालसर झाक असते आणि धुताना मला हमखास ठसका लागतो.

नवऱ्याचं काम लक्ष्मीपुरीतल्या छापखान्यात. जुलैत तिथं कागद दमट होऊन वळतो, चार रंग एकावर एक नेमके बसत नाहीत, लग्नपत्रिकेतल्या गणपतीला दोन सोंडा दिसतात. त्यानं मला सांगितलं की एसीचा जन्मच अशा तक्रारीतून झाला. १९०२ साली ब्रुकलिनमधल्या एका छापखान्याचा कागद दमटपणानं फुगायचा, म्हणून विलिस कॅरिअर नावाच्या तरुण इंजिनिअरनं हवेतलं पाणी काढणारी योजना आखली. माणसांना गार करणं मागाहून आलं. तेव्हापासून मी पावसाळ्यातही अधूनमधून तासभर 'ड्राय' लावते. कपाटातल्या पैठणीला वास येत नाही. मामा विचारतात, "साडीसाठी एसी?" मी म्हणते, "कागदासाठी चालतो, मग साडीनं काय पाप केलंय?"

वळीव आला की बहुतेक वेळा लाईट जातेच. मग सगळे गच्चीवर. ओल्या मातीचा वास, पत्र्यांवरचा ताशा, आणि त्या अर्ध्या तासात शहर इतकं गार होतं की लाईट आली तरी कुणी खाली जायला उठत नाही. अशा रात्री मला वाटतं, आपण हे यंत्र घेतलं तरी कशाला. दुसऱ्या दिवशी दुपारी दमट उकाडा बसतो तेव्हा असं काही वाटत नाही.

काकींनी गच्चीवरचा डबा बघितला, "बरं केलासा," म्हणाल्या आणि विषय संपला. पण आमच्या एकट्याच्या शहाणपणानं बोळ गार राहिला असं समजू नका. गेल्या वर्षभरात बोळाच्या तोंडाशी असलेल्या दुकानानं एक डबा लावला, मागच्या अपार्टमेंटचे तर मोजायच्या पलीकडं. आणि खुद्द काकींच्या मुलानं परवा मला थांबवून विचारलं, "वहिनी, कितीला पडला? आईला आता सोसत नाही." मी त्याला लेबलाचं साल सांगितलं, व्हॅक्यूम पंपाचं सांगितलं, एक टन पुरतो म्हटलं. त्याची गच्ची पत्र्याखाली आहे हे चांगलंच आहे. डबा कुठं बसवणार, हे विचारायचं जिभेवर आलं होतं. त्यांच्या बोळाकडच्या भिंतीसमोर आमच्या जिन्याची खिडकी येते. मी विचारलं नाही. काकींइतक्या सहजपणे मला ते विचारता आलं नसतं.

मामांनी स्वतःपुरता एक रिवाज पाडलाय. रात्री नऊला एसी, साडेअकराला बंद, मग ती हिरवी जाळी बाजूला सारून खिडकी सताड उघडी. टायमर लावून देते म्हटलं तर नको. "वारा सुटला का न्हाई ते डब्याला काय कळतंय?" स्वतः उठतात, हात बाहेर काढून बघतात आणि मग बटण दाबतात. स्लॅब आता रात्री कोमट असते, तव्यासारखी नाही. तरी मामी म्हणतात रंगाचा गुण नव्हे, यंदा उन्हाळाच कमी होता.

रंगाला आता एक पावसाळा होऊन गेलाय. कोपऱ्यांत शेवाळ धरलंय, मधला भाग मळून राखाडी झालाय, आणि मळलेला पांढरा रंग तितकं ऊन परतवत नाही, म्हणून दुसरा हात द्यायला हवा. पेंटर म्हणतो मार्चमध्येच करा, मेमध्ये रंग ब्रशवरच सुकतो. मामींनी संकेश्वरी सांगून ठेवली आहे, ती नेमकी मार्चमध्ये येणार. निम्मी-निम्मी गच्ची यंदा त्यांना मान्य नाही, कारण मागच्या वेळी मिरचीत रंगाचे पोपडे आले म्हणे. मी चाळून बघितलं होतं, एकही नव्हता. पेंटरला अजून होकार कळवलेला नाही.